विलीनीकरणाचा फ्लाइट प्लॅन

मुंबईहून दिल्लीला निघालेल्या विमानात दिल्लीपर्यंत पुरेल एवढंच इंधन भरून चालत नाही. दिल्लीपुरतं तर हवंच. त्यावर पाच टक्के अडीअडचणीला. दिल्ली धुक्यात गडप असली तर जयपूर किंवा लखनौ गाठण्यापुरतं. आणि तिथेही लगेच उतरायला मिळालं नाही तर घिरट्या घालायला आणखी अर्ध्या तासाचं. रांगेत धावपट्टीकडे सरकताना जळतं ते वेगळं. हा हिशेब कागदावर जमला नाही तर विमान सुटत नाही.

विमान कंपन्यांचं विलीनीकरण मात्र सुटतं. त्याला इंधन किती लागेल, ते उतरणार कुठे, तिथे उतरता नाही आलं तर दुसरीकडे कुठे, असले प्रश्न विचारायची पद्धत नाही. पत्रकार परिषद होते, दोन अध्यक्ष हात मिळवतात, मागे नवा लोगो झळकतो, की झालं उड्डाण.

म्हणून आमची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला नम्र सूचना आहे: यापुढे प्रत्येक विलीनीकरणाला फ्लाइट प्लॅन सक्तीचा करावा, आणि तो डिस्पॅचरने भरावा.

डिस्पॅचर म्हणजे कोण, हे सांगायला हवं. प्रवाशांना तो कधीच दिसत नाही आणि कंपनीला फक्त वेतनपत्रकात दिसतो. एसटी स्टँडवर खिडकीआड बसलेला कंट्रोलर असतो ना, त्याच कुळातला हा माणूस. फक्त याच्या गाड्या दहा किलोमीटर उंचीवरून जातात. फ्लाइट निघायच्या काही तास आधी तो वारे बघतो, ढग बघतो, विमानाचं वजन बघतो, आणि नोटॅम नावाचा प्रकार वाचतो. अमुक टॅक्सीवेवरचे दिवे बंद आहेत, तमुक विमानतळाशेजारी क्रेन उभी आहे, अमक्या हद्दीत क्षेपणास्त्राची चाचणी आहे, हे सगळं नोटॅममध्ये एकाच सुरात, एकाच ठशात छापलेलं असतं. त्यातला दिवा कुठला आणि क्षेपणास्त्र कुठलं, हे पहाटे साडेतीन वाजता ओळखायचं म्हणजे डिस्पॅचिंग.

24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. दिल्लीहून पश्चिमेला जाणारे मार्ग अरबी समुद्रावरून वळवावे लागले. एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही फ्लाइट्स इंधनासाठी व्हिएन्ना आणि कोपनहेगनला उतरवाव्या लागल्या. वर्तमानपत्रांत कंपनीचा तोटा आला, प्रवाशांचे हाल आले, सरकारी बैठका आल्या. नवे मार्ग रातोरात कुणी आखले, ते आलं नाही. त्या पाळीतले डबे बहुधा न उघडताच घरी परत गेले असणार.

आमच्या ओळखीचे एक डिस्पॅचर डोंबिवलीत राहतात. त्यांच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नाव बदलायचं घाटतं आहे. गेले कित्येक महिने तिचं दुसऱ्या एका कंपनीत विलीनीकरण ‘होऊ घातलं’ आहे. पहिल्या मेलमध्ये एचआरने कळवलं की अफवांवर विश्वास ठेवू नका. दुसरा मेल आला की बोलणी चालू आहेत, पण कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने काहीही बदलणार नाही. तिसऱ्या मेलमध्ये होतं की तूर्त काहीही बदलणार नाही. तो ‘तूर्त’ वाचल्याबरोबर ऑप्स कंट्रोलमधल्या झाडून सगळ्यांनी आपापले बायोडेटा उघडले. शेवटी ही अंदाज वाचून पोट भरणारी माणसं. हवामानाच्या अंदाजात ‘टेम्पो’ अशी खूण असली की समजायचं, थोड्या वेळाने निवळेल. ‘बिकमिंग’ असली की समजायचं, आता हे असंच राहणार. एचआर सगळं टेम्पो म्हणून कळवतं, असा त्यांचा अनुभव आहे.

“अहो, पण पगाराचं काय?” आम्ही विचारलं.

“पगाराचा आढावा विलीनीकरणानंतर घेणार आहेत.”

“आणि विलीनीकरण?”

“त्याचा आढावा चालू आहे.”

विमानाचं एक टन इंधन म्हणजे लाखभर रुपयांचा मामला. लांब पल्ल्याच्या एका फ्लाइटला नेमका वारा धरून दिला की एवढं इंधन वाचू शकतं. जास्तीचं भरलं तर त्यातलं बरंचसं तेच इंधन वाहून नेण्यात जळतं. कमी भरलं तर काय होतं, ते कंपनीला न सांगताही कळतं. म्हणजे एका पाळीत हा माणूस स्वतःचा महिन्याचा पगार वाचवून घरी जाऊ शकतो. पण वाचलेलं इंधन ताळेबंदात ‘कार्यक्षम व्यवस्थापन’ म्हणून दिसतं आणि त्याचा बोनस व्यवस्थापनाला मिळतो. डिस्पॅचरला टाउनहॉलमध्ये टाळ्या मिळतात. टाळ्यांवर टीडीएस कापत नाहीत, एवढं मान्य करावं लागेल.

आता आमचा फॉर्म. तो जुन्या विलीनीकरणांवर चालवून बघितला, म्हणजे त्याची उपयुक्तता सरकारच्या लक्षात येईल.

27 ऑगस्ट 2007. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. हा प्लॅन डेस्कवर आला असता तर डिस्पॅचरने पहिल्यांदा वजनाचा रकाना बघितला असता. दोन्ही कंपन्यांनी लग्नाच्या तोंडावर मिळून 111 नवी विमानं मागवली होती. एकीने 68 बोइंग, दुसरीने 43 एअरबस. म्हणजे वैमानिक वेगळे, इंजिनियर वेगळे, सुटे भाग वेगळे, डिस्पॅचरचं शिक्षणही वेगळं. एवढं वजन घेऊन धावपट्टी पुरणार नाही, हे सांगायला पदवी लागत नाही. पुढचा रकाना फ्लाइट नंबरचा. तिथे एआय लिहायचं की आयसी? कंपनी एक झाली तरी ही दोन्ही अक्षरं फेब्रुवारी 2011 पर्यंत सुखाने नांदत होती. मग कर्मचारी. त्यांचे पगार, बढत्या, सीनिऑरिटी यांचं काय करायचं, ते ठरवायला न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमली 2011 मध्ये आणि तिचा अहवाल आला जानेवारी 2012 मध्ये. थोडक्यात, विमान हवेत जाऊन चार वर्षं झाल्यावर एका निवृत्त न्यायमूर्तींना बोलावून विचारलं की या विमानात कोण कुठे बसणार?

बसणारे तोवर उठले होते. 2011 मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान पगारासाठी संपावर गेले. 2012 मध्ये पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले, कारण नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण ‘त्यांच्या’ वैमानिकांनाही मिळणार होतं. हा संप 58 दिवस चालला. दोन्ही बाजूंचं एका मुद्द्यावर मात्र एकमत होतं: विलीनीकरण दुसऱ्याच्या भल्यासाठी झालं आहे. भलं नक्की कुणाचं झालं, ते शोधायला सीबीआयने 2017 मध्ये गुन्हा दाखल केला आणि 2024 मध्ये प्रकरण बंद करायचा अहवाल दिला. विलीनीकरणानंतर सरकारी मालकी संपेपर्यंत कंपनीने निव्वळ नफ्याचं एकही वर्ष बघितलं नाही. फॉर्ममध्ये ‘गंतव्य’ हा रकाना का हवा, ते आता समजलं असेल.

त्या सगळ्या गदारोळात डिस्पॅचर संपावर गेल्याचं कुणाला आठवतं का? वैमानिक आजारी पडले की मंत्रालय जागं होतं. एप्रिल 2024 मध्ये, एअर इंडियात विलीन होऊ घातलेल्या विस्ताराच्या वैमानिकांना नव्या पगाररचनेत ठरावीक पगाराचे तास 70 वरून 40 वर आलेले दिसले, बरेच जण एकदम आजारी पडले, फ्लाइट्स रद्द झाल्या आणि सरकारने कंपनीकडे रोजचा अहवाल मागितला. डिस्पॅचर आजारी पडला तर शेजारच्या टेबलावरचा डिस्पॅचर त्याच्याही फ्लाइट्स ओढतो. त्याची ताप-सर्दी राष्ट्रीय पातळीवर कधी जातच नाही.

किंगफिशर आणि डेक्कनचं प्रकरण तर फॉर्ममध्ये बसवणंच कठीण. त्या काळी नियम असा होता की परदेशी उडायचं तर कंपनीला पाच वर्षं पूर्ण हवीत आणि ताफ्यात 20 विमानं हवीत. किंगफिशर 2005 ची, डेक्कन 2003 ची. किंगफिशरने डेक्कन घेतली, दोन्ही एक झाल्या, आणि 2008 मध्ये बंगळूर-लंडन विमान सुटलं. म्हणजे शेकडो कोटी मोजून जे घेतलं, त्यातली मोठी वस्तू होती सीनिऑरिटी! कंपनीला दोन वर्षांच्या ज्येष्ठतेची किंमत अशी बरोबर कळते. तीच ज्येष्ठता कर्मचाऱ्याने मागितली की त्याला ‘जुन्या मानसिकतेतून बाहेर पडा’ अशा विषयावर कार्यशाळेला पाठवतात. किंगफिशर पुढे ऑक्टोबर 2012 मध्ये जमिनीवर आली. तो पाच वर्षांचा नियमही 2016 मध्ये गेला.

अमेरिकेत हे सगळं जास्त उघडपणे चालतं. तिथे नियमित विमानसेवेत फ्लाइटची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांची असते. डिस्पॅचरला पटलं नाही तर तो फ्लाइट अडवू शकतो. एवढा अधिकार असूनही त्याचा पगार तो कुठल्या इमारतीत बसतो यावर ठरतो. मोठ्या कंपनीतला जुना डिस्पॅचर आणि तिच्याच नावाने छोटी विमानं उडवणाऱ्या रीजनल कंपनीतला नवखा, दोघं एकाच वादळाकडे बघत असतात. पहिल्याचा पगार दुसऱ्याच्या कित्येक पट. दुसरा बिचारा पहिल्याची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत रात्रपाळ्या करतो. आणि तेवढ्यात विलीनीकरण आलं की रांगेत मध्येच दुसऱ्या कंपनीची अख्खी रांग येऊन उभी राहते. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही कंपनी घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या हवाई सुंदरींना यादीच्या अगदी तळाशी टाकलं. वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या बायका काल लागलेल्या मुलीच्या खाली. याला तिकडे ‘स्टेपल करणं’ म्हणतात. दुसऱ्यांची यादी आपल्या यादीखाली ठेवून टाचणी मारायची. ओरड झाली आणि 2007 मध्ये मॅकॅस्किल आणि बाँड या मिसुरीच्या दोन सिनेटरांच्या नावाने कायदा झाला: याद्या न्यायाने जोडा, नाही जमलं तर लवादाकडे जा. टीडब्ल्यूएच्या त्या बायकांना त्याचा उपयोग नव्हता, पण पुढच्यांना झाला.

घिरट्यांच्या इंधनाचा रकानाही अमेरिकेनेच सुचवला, हे कबूल केलं पाहिजे. जेटब्लू आणि स्पिरिट या कंपन्यांचं विलीनीकरण जुलै 2022 मध्ये ठरलं. जानेवारी 2024 मध्ये बोस्टनच्या न्यायाधीशांनी ते अडवलं. नोव्हेंबर 2024 मध्ये स्पिरिट दिवाळखोरीत गेली. पहिलं दीड वर्ष कर्मचारी वरच्यावर गोल फिरत होते. खाली कुणी विचारलं नाही, इंधन किती उरलंय?

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असं नाही. उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर कामगाराची नोकरी सलग धरावी, अटी आधीपेक्षा वाईट नसाव्यात, नाहीतर भरपाई द्यावी, अशी तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती. आता ती नव्या श्रमसंहितेत आहे. फक्त ती ‘कामगारा’ला आहे. आमच्या ओळखीच्या गृहस्थांच्या गळ्यातल्या कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ लिहिलं आहे. ते कुणाला मॅनेज करतात? हाताखाली एक माणूस नाही; आहे तो प्रिंटर, आणि तोही त्यांचं ऐकत नाही. कोर्ट पदनामाकडे न बघता काम बघतं म्हणतात. पण कोर्टाची तारीख पडेपर्यंत गृहकर्जाचा हप्ता थांबत नाही, त्याला पदनामाशी घेणंदेणं नसतं.

जुलै 2024 मध्ये विस्तारा आत यायच्या आधी एअर इंडियाने न उडणाऱ्या कायम कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती आणली. पाच वर्षं झालेल्यांना एक योजना, न झालेल्यांना दुसरी. न उडणारे म्हणजे तिकीट, हिशेब, कार्यालय वगैरे सगळे. डिस्पॅचरही न उडणाराच, जरी उडणाऱ्यांना उडवायचं काम त्याचं असलं तरी. त्याच नोव्हेंबरात 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेजच्या अवसायनाचा आदेश दिला आणि 12 तारखेला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. जेट एप्रिल 2019 मध्ये बंद पडली तेव्हा तिथून बाहेर पडलेल्या बऱ्याच जणांनी दुसऱ्या कंपन्या धरल्या होत्या. एका आठवड्यात आधीच्या कंपनीवर अखेरची माती आणि नव्या कंपनीचं नवं कार्ड, असं ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्याकडून आम्ही फॉर्ममधला ‘अल्टरनेट’चा रकाना तपासून घेणार आहोत. कंपनीत पर्यायी नोकरी कुठे, शहर कुठलं, मुलांची शाळा अर्ध्या वर्षात बदलणार का, असं सगळं त्यात भरायचं आहे. ‘योग्य वेळी कळवण्यात येईल’ असं लिहिलं तर प्लॅन परत.

मसुदा तयार झाल्यावर तो डोंबिवलीला घेऊन गेलो. गृहस्थ नाइट करून आले होते. वहिनींनी चहा ठेवला. गृहस्थांनी कागद नोटॅम वाचतात तसा वाचला, सलग, आणि फक्त एका ठिकाणी थांबून घिरट्यांच्या इंधनाचा आकडा वाढवला. ‘‘एवढ्यात नाही भागणार,’’ म्हणाले. तळाशी दोन सह्यांची जागा ठेवली आहे, एक अध्यक्षांची आणि एक डिस्पॅचरची. आम्ही पेन पुढे केलं.

‘‘करतो की,’’ ते म्हणाले. ‘‘पण त्या कंपनीतही एक सही करणारा आहे. दोघांतला ठेवायचा कुठला, ते ठरू दे आधी.’’