खोक्यावर आधी चिपचं नाव छापा!

प्रति,
बिननावाचं 'ऑल इन वन' टीव्ही कार्ड विकणारे गृहस्थ,
रिची स्ट्रीट, चेन्नई

विषय: तुम्ही दडवलेल्या माहितीबाबत

महोदय,

तुमच्या दुकानाचं नाव मी या पत्रात घालणार नाही. हाच धंदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही चालतो, त्यामुळे एकट्या तुम्हाला झोडपून भागणार नाही. पण पत्र तुम्हालाच आहे, हे वाचता वाचता तुमच्या ध्यानात येईल.

आमच्या घरी 1993 सालच्या लग्नाची व्हीएचएस टेप आहे. लग्न मद्रासला, वऱ्हाड सोलापूरहून आलेलं. मंगलाष्टकं आजीनं म्हटली. तिचा आवाज त्या टेपखेरीज कुठेही नाही. ती टेप कॉम्प्युटरवर उतरवायला कार्ड मागितलं, तेव्हा टेप कुठली, व्हीसीआर कुठला, कॉम्प्युटर कुठला, यातलं एक अक्षर तुम्ही विचारलं नाही. खोकं काउंटरवर आपटलंत आणि म्हणालात, "सार, फुल एचडी!" खोक्यावर रिमोटचं चित्र, एफएम रेडिओची जाहिरात आणि 1080 हा आकडा लालभडक अक्षरांत. चिपचं नाव मात्र कुठेच नाही.

आधी तुमच्या एचडीचं बोलू. भारतातलं जुनं चित्रीकरण पाल पद्धतीचं: 625 ओळी, त्यातल्या दिसणाऱ्या 576, सेकंदाला 25 चित्रं. आडव्या तपशिलात व्हीएचएसची मजल सुमारे 240 ओळींपर्यंतच. जे टेपमध्ये नाही ते तुमच्या कार्डात कुठून येणार? ते चित्र ताणतं, चेहरे रुंद करतं आणि फाइल 1080 ची झाली म्हणून सांगतं. याला मी फसवणूकच म्हणतो. टेपला हवं ते 720 गुणिले 576 मापाचं, न ताणलेलं, शक्य तितकं कमी दाबलेलं चित्र. अजिबात न दाबता ठेवलं तर तासाला सुमारे 75 जीबी लागतात, डीव्ही पद्धतीत 13 जीबीच्या आसपास. हार्ड डिस्क लागेल हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं असतं. तुमचं कार्ड सगळं जागच्या जागी चुरगाळून छोटी फाइल हातात देतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं.

आता आवाज. तुमच्या कार्डानं ती टेप उतरवली, तेव्हा सीमांतपूजनापर्यंत सगळं जुळत होतं. तिसऱ्या तासाला अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, माणसं वधूवरांकडे सरकली आणि मग 'सावधान' ऐकू आलं. आजीचे ओठ मिटलेले आणि आवाज चालू. असं का होतं, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. अशा कार्डात चित्र एका वाटेनं जातं आणि आवाज वायरीतून साउंड कार्डाच्या वाटेनं. दोघांची घड्याळं वेगळी. दहा हजारांत एकाचा फरक पडला तरी तीन तासांच्या टेपवर सेकंदभराची तफावत होते. त्यात जुन्या टेपचा ताण सारखा नसतो, चित्राचा ठेका चुकतो, कार्डाला चित्र कुठे सुरू झालं तेच कळत नाही आणि ते चित्रं गाळत सुटतं. प्रत्येक गाळलेल्या चित्राबरोबर आवाज आणखी सरकतो. हा ठेका सावरणारं यंत्र वेगळं मिळतं, त्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात. चित्र-आवाज एकत्र पकडून तिथल्या तिथे एमपीईजी-2 करणारी कार्डंही निघाली होती, हॉपॉग कंपनीची पीव्हीआर मालिका त्यातलीच. यातलं काही नाव तुमच्या तोंडून निघालं नाही.

तुमच्या खोक्यातल्या ट्यूनरचा टेपला काडीचा उपयोग नाही. तरी त्याचेच पैसे घेता, आणि व्हीसीआर ॲन्टेनाच्या वायरीनं जोडा असंही सांगता. सगळ्यात वाईट चित्र त्याच वाटेनं येतं. साध्या व्हीसीआरला पिवळी पिन वापरावी, हाय-8 कॅमेरा असेल तर एस-व्हिडिओ, कारण त्यात उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी येतात. अमेरिकेतल्या भाच्याची टेप असेल तर ती एनटीएससी, 525 ओळींची, तिला चालणारा व्हीसीआरही लागतो. तुमचं "ऑल टेप्स ओके" ऐकून कुणी ती पालच्या यंत्रात घातली, तर वेडंवाकडं चित्र पाहून टेपच खराब झाली असं समजून फेकून देईल.

माझा राग इथं आहे. कार्ड बदलता येतं, टेप बदलता येत नाही. आपलं शहर समुद्रकाठचं. खारट दमट हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशी टेप चालवली की ती व्हीसीआरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या टेपला. डिसेंबर 2015 च्या पुरात अड्यार नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, तिथल्या कपाटांचं काय झालं असेल ते सांगायला नको. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, 2016 मध्ये थांबली. त्याच्या आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयानं बजावलं होतं, की 2025 पर्यंत न उतरवलेल्या टेप बहुतेक हातच्या जातील. ज्यांच्याकडे तज्ज्ञ आणि थंड कोठारं आहेत त्यांची ही धास्ती. आमच्याकडे माळ्यावरची पेटी आहे. तिच्यातली टेप कदाचित एकदाच नीट चालेल, आणि त्या एका वेळेसाठी तुम्ही काय विकता, याला किंमत आहे.

म्हणून मागणी करतो. खोक्यावर चिपचं नाव छापून घ्या, कारण एकाच रंगाच्या खोक्यात आज एक चिप आणि उद्या दुसरी निघते आणि ड्रायव्हर शोधणारा माणूस रात्र रात्र हैराण होतो. 1080 चा आकडा पुसा. विकण्याआधी टेप कुठली, व्हीसीआर कुठला, कॉम्प्युटर कुठला, हे विचारा. दहा मिनिटांची टेप दुकानात उतरवून दाखवा, शेवटच्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळतात का ते गिऱ्हाइकाला पाहू द्या. जमत नसेल तर स्पष्ट "नाही" म्हणा; ज्याला जमतं त्याच्याकडे आम्ही जाऊ, चार पैसे जास्त मोजू.

आणि एवढंही करायचं नसेल, तर एफएम रेडिओ खुशाल विका. टेपवाल्यांच्या वाटेला जाऊ नका.

कळावे,
चेन्नईचा एक मराठी ग्राहक