मिशीवाले हेडमास्तर

‘आम्ही मार खाल्ला म्हणून माणसात आलो,’ असं सांगणारे एक काका तुमच्याही सोसायटीत असतीलच. आमचे काका हे लिफ्टमध्ये सांगतात, त्यामुळे पळताही येत नाही. पुढचं वाक्य ठरलेलं: ‘इंग्रजांची शिस्त बघा जरा!’

बघितली, काका. तुमच्या पसंतीच्या हेडमास्तरांना इंग्रजांनी १९५६ सालीच बीबीसीवर आणून उभं केलं होतं. मालिका ‘व्हॅक-ओ!’, लेखक फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन. शाळा चिझलबरी, खानदानी घरांतल्या मुलग्यांची. हेडमास्तर झाले होते जिमी एडवर्ड्स. अंगात काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, हातात छडी आणि नाकाखाली ती मिशी! सायकलच्या हँडलसारखी, दोन्ही गालांच्या बाहेर डोकावणारी. वर्गात आधी मिशी शिरायची, मागाहून हेडमास्तर.

छडी मुलांसाठी. स्वतः हेडमास्तर मात्र दारू ढोसणार, जुगार खेळणार आणि पैशासाठी पोरांपासून पालकांपर्यंत कुणालाही टोपी घालणार. पण एवढी मिशी असलेल्या माणसाकडे पावती मागणार कोण? हाताखाली पेटिग्रू नावाचे बिचारे मास्तर, निव्वळ गरीब गाय. हे काम करणारे आर्थर हॉवर्ड म्हणजे ‘गॉन विथ द विंड’वाल्या लेस्ली हॉवर्डचे धाकटे भाऊ. ‘पण सर...’ म्हणून तिथेच थांबणारे असे पेटिग्रू आपल्याही प्रत्येक टीचर्स रूममध्ये एकदोन सापडतात. त्यांच्या जिवावरच तर मिश्या वाढतात.

थोडक्यात, लोक हसत होते ते शिस्तीला नव्हे, शिस्तीच्या आड चाललेल्या लबाडीला. जो उठसूट छडी उगारतो, त्याला बहुधा स्वतःचं काहीतरी झाकायचं असतं.

झाकण्यावरून आठवलं. एडवर्ड्स दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. सप्टेंबर १९४४ मध्ये आर्नहेमच्या लढाईत त्यांचं डाकोटा विमान जर्मनांनी टिपलं. त्यांनी ते कसंबसं जमिनीवर उतरवलं, पण चेहरा भाजला. प्लास्टिक सर्जरी झाली, शौर्यपदकही मिळालं. आणि चेहऱ्यावरच्या खुणा लपवायला त्यांनी ती मिशी वाढवली. अख्खा देश जिला हसला, ती मिशी जखमेवर उगवलेली होती.

हे कळल्यापासून काकांवर धड चिडताही येत नाही. त्यांचं ते ‘माणसात आलो’सुद्धा मिशीच असावी. भर वर्गात, कदाचित विनाकारण, बसलेल्या फटक्यांना काहीतरी अर्थ होता असं मानल्याशिवाय माणसाने जन्म काढायचा कसा? काढू दे बापड्याला. फक्त नातवाच्या पाठीवर त्याचा प्रयोग नको; आपल्याकडे शाळांत तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने तशी बंदीच आहे.

ब्रिटनमध्ये सरकारी शाळांतली छडी १९८७ साली गेली. इंग्लंडच्या खासगी शाळांत ती १९९९ पर्यंत टिकली. म्हणजे गरिबाचं पोर आधी सुटलं. चिझलबरीच्या जातकुळीतल्या शाळांत मात्र रग्गड पैसे मोजून फटके खाण्याची सोय आणखी बारा वर्षं चालू होती.

काकांना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘फी किती होती हो?’