ऑफर लेटर लिहिणाऱ्या एचआर मॅनेजरांस



माझ्या भाच्याला तुमच्या कंपनीचे ऑफर लेटर आले. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आकडा होता : सीटीसी, म्हणजे ‘कॉस्ट टू कंपनी’, वार्षिक 6,00,000 रुपये. लातूरला पेढे वाटले गेले. भावजींनी सहा लाखांना बाराने भागले आणि महिना पन्नास हजारांचा हिशेब मांडला. शैक्षणिक कर्जाचा हप्ता, हिंजवडीतल्या फ्लॅटमधला मुलाचा वाटा, मेस, घरी पाठवायचे थोडे. पहिल्या महिन्याचा पगार खात्यावर जमा झाला तो 36,597 रुपये. पोराने तुम्हाला ईमेल केला. तुमचे उत्तर एका ओळीचे : ‘अ‍ॅनेक्शर बी पाहावे.’

पाहिले. मी स्वतः वही घेऊन बसले आणि ओळ न् ओळ पाहिली.

बेसिक महिना 25,000. त्याच्या 12 टक्के, म्हणजे वर्षाला 36,000 रुपये कंपनीचा पीएफ. हे तुम्ही त्याच्या सहा लाखांत धरलेत. मग त्याच्या पगारातून त्याचे स्वतःचे 12 टक्के पुन्हा कापलेत. ग्रुप विम्याचा हप्ता 12,000, तोही आत. व्हेरिएबल पे 60,000. हे वर्षअखेरीस, रेटिंग चांगले मिळाले आणि कंपनीला नफा झाला तर. म्हणजे जे मिळेलच याची तुम्ही स्वतः हमी देत नाही, तेही ठळक आकड्यात! शेवटी महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर. तो सरकारचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आता ग्रॅच्युइटी. इथे मात्र मला तुम्हाला जाब विचारायचा आहे. अ‍ॅनेक्शरमध्ये वर्षाला 14,430 रुपये लिहिले आहेत, बेसिकच्या 4.81 टक्के. ही टक्केवारी येते ती कायद्यातल्या सूत्रातून. सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे कामाचे दिवस 26 धरून. 1972 च्या कायद्यापासून हा बोजा मालकावर आहे, नोकरदारावर नाही. शिवाय कायम नोकरीतल्या माणसाने स्वतःहून नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटी मिळायला सलग पाच वर्षे भरावी लागतात. तुमच्या क्षेत्रात पोरे दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात, हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक आहे? भाचा तीन वर्षांनी नोकरी सोडून गेला, तर त्याच्या ‘पॅकेज’मध्ये मोजलेले 43,290 रुपये त्याला कधीच दिसणार नाहीत. ते कंपनीकडेच राहतील. जे द्यावे लागणार नाही असे तुम्हाला वाटते, तेच त्याच्या पगारात मोजून दाखवता. भाजीवालीसुद्धा वजनात टोपली धरत नाही हो!

पूर्वी तुम्ही बेसिक मुद्दाम लहान ठेवायचात आणि ‘स्पेशल अलाउन्स’ फुगवायचात, म्हणजे पीएफ कमी भरावा लागे. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरसकट सगळ्यांना मिळणारा असा भत्ता पीएफसाठी पगारातच धरावा. त्याच वर्षीची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. पोरांची म्हातारपणाची पुंजी वाढावी म्हणून हे नियम आले. तुम्ही काय केलेत? सीटीसी तेवढाच ठेवलात आणि कंपनीचा वाढलेला हिस्सा त्यातूनच वळता केलात. कायद्याने मालकाच्या खिशात हात घातला, तुम्ही तो हात पोराच्या खिशात सरकवलात. माझा राग आहे तो यावर.

याच संहितेत आणखी एक कलम आहे. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे. तुमच्या पत्रात ‘फुल अँड फायनल’ला 45 दिवस लिहिले आहेत. भाच्याने मात्र नोटीस पिरियडचे 90 दिवस भरायचे, नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार मोजायचा. घेताना दिवस मोजता येतात, देताना येत नाहीत?

कंपनीला माणूस कितीला पडतो, हा हिशेब कंपनीने जरूर ठेवावा. तो अकाउंट्सच्या फाइलमध्ये ठेवावा. बावीस वर्षांच्या मुलासमोर तो पगार म्हणून ठेवणे ही फसवणूक आहे. तुम्ही रोज करता म्हणून ती रीत होत नाही. त्या आकड्यावर लोक खोली भाड्याने घेतात, कर्ज काढतात, लग्ने ठरवतात.

तेव्हा पहिल्या पानावर सीटीसीच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, दरमहा हातात येणारी रक्कम लिहा. एक ओळ लागते.

आणि कॅम्पसमधून निघालेल्या मुलामुलींनो, तुम्ही त्या ओळीची वाट पाहू नका. सही करण्याआधी ईमेलवर लेखी विचारा : व्हेरिएबल सोडून महिन्याला हातात किती येणार, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी आकड्यात धरली आहे का, गेल्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के दिले, नोटीस किती दिवसांची. लाजू नका. उत्तर हातात आल्यावरच घरी फोन करा आणि पेढे आणायला सांगा.

तुमच्या एका कर्मचाऱ्याची मावशी