गावचे आधारस्तंभ अण्णासाहेब यांना अनावृत पत्र

गावचे आधारस्तंभ, बिनविरोध परंपरेचे जनक, माननीय अण्णासाहेब यांच्या सेवेशी,

सा. न. वि. वि.

आपण ग्रामपंचायतीसाठी एवढं झिजता आणि आपलं नाव कुठल्या फलकावर नाही, तक्रारीतही नाही. तक्रारीत घालायला तर कुणी धजतच नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून हे जाहीर आभार.

सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं आणि आमच्या ताईंनी आपल्याला न विचारता अर्ज भरला. माघारीच्या आदल्या रात्री आपली माणसं त्यांच्या ओसरीवर बसून पहाटेपर्यंत गावाच्या एकोप्यावर बोलली. एकाकडे लोखंडी गज होता, पण तो त्याने बाहेर चपलांशेजारी ठेवला. ही रीतभात हल्ली कुठे दिसते? शिवाय खर्च नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात 2 कोटी 5 लाखांची आणि नंदुरबारकडच्या खोंडामळीत 42 लाखांची बोली लागल्याचं उघड झालं, आणि राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये दोन्ही ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या. आपण गावाला त्या नामुष्कीतून वाचवलंत. बोली नाही, पावती नाही, नुसता गज.

ताईंनी तरीही ऐकलं नाही, वर निवडून आल्या. तेव्हापासून आपल्याला त्यांची फार काळजी. आपली पांढरी बोलेरो रात्री त्यांच्या दारात उभी असते, इंजिन चालू, दिवे घरावर. त्यांची मुलगी कॉलेजला कोणत्या एसटीने जाते आणि परतीची गाडी फाट्यावर किती वाजता येते, हे आपण तिच्या वडिलांना भर बाजारात म्हणून दाखवलंत. सख्ख्या मामाला एवढं ठाऊक नसतं.

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आपली कृपा आहेच. ताईंनी पाणीपट्टीचा हिशेब टाकला, की त्या ग्रामसेवकाच्या मोटारसायकलवरून पंचायत समितीत कशाला गेल्या, हा विकासाचा प्रश्न आपला पुतण्या विचारतो. मग हिशेब वाचतो कोण!

पण आपला खरा गुण म्हणजे कायद्यावरची निष्ठा. माहिती अधिकाराचे अर्ज किती नावांनी येतात, आणि अक्षर मात्र एकच. ताईंच्या सासऱ्यांची जुनी पडवी सरकारी जागेत दोन हात सरकली आहे, हा शोध तर आपल्याला निकालानंतरच्या आठवड्यातच लागला. अतिक्रमण केलं तर पद जातं, हे कलम चांगल्या हेतूने केलेलं आहे, गायरान गिळणारा खुर्चीवर बसू नये म्हणून. ते उलटं धरून मारायलाही येतं, हे आम्ही आपल्याकडून शिकलो.

अर्थात आपण एकटे नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाला सासूच्या घराच्या अतिक्रमणावरून अपात्र ठरवलं. मी वेगळी भाड्याने राहते, असं ती सांगत राहिली. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय, कुठेच दाद लागली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद परत दिलं, आणि बाईच्या हुकमाने वागावं लागेल हेच गावकऱ्यांना पचलं नाही, अशा अर्थाचं निकालात लिहिलं. आपण मात्र या निकालाने खचला नाहीत, याचं कौतुक वाटतं. कारण आपला हिशेब पक्का आहे. मानधन दुप्पट होऊनही लहान गावच्या सरपंचाला महिना 6000 रुपये मिळतात. त्यात दिल्लीचा वकील कसा बसायचा? आपल्याला खटला जिंकायचाच नाहीये, अण्णासाहेब. तारखा पडत राहिल्या की पुरे. पुढच्या वेळी अर्ज भरायला कुणी बाई तहसीलची पायरी चढणार नाही.

थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत, वर ग्रामसभेचं गुप्त मतदान. म्हणून आपण सदस्यांना गणपतीपुळ्याची सहल घडवलीत. दर्शन, समुद्र, मासळी, आणि सगळ्यांचे फोन आपल्या पिशवीत. सासूबाई आजारी म्हणून मी आले नाही. त्याच रात्री माझ्या शेतातली ठिबकची नळी कुणीतरी वीतवीतभर अंतराने कापली. काय सफाई त्या हाताची! आपण सांत्वनाला आलात, नवी नळी कुठे स्वस्त मिळते तेही सांगितलंत.

पोलीस ठाण्यात मी गेले, तर अदखलपात्र नोंद झाली आणि कोर्टात दाद मागा अशी समज मिळाली. शेजारच्या खुर्चीत आपण चहा घेत होतात. माझ्यासाठीही एक सांगितलात. त्या चहाचे मनापासून आभार.

मस्साजोगनंतर आपण हळवे झालात, हे सगळ्या तालुक्याने पाहिलं. 9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यातल्या त्या गावचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांना मारून टाकलं. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या ते आड आले, असं आरोपपत्र सांगतं. राज्यभर मोर्चे निघाले. आपण दंडाला काळी फीत लावून पुढच्या रांगेत चाललात. काही दिवसांनी त्याच प्रकरणाचे फोटो ताईंच्या मुलीच्या मोबाइलवर आले. खाली मजकूर काही नाही, फक्त जोडलेले दोन हात. एवढा नम्र निरोप तिला आजवर कुणी पाठवला नव्हता. ती आता कॉलेजला जात नाही.

असो. आता कामाचं. गायरानातल्या अतिक्रमणाची भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यायचा ठराव मासिक सभेत मंजूर झाला. सूचक मी. मोजणीची फी भरली आहे. आपली वीटभट्टी नक्की कुठे येते ते भूकरमापक सांगेल. आपण तेवढं हजर राहून हद्दीच्या खुणा दाखवाव्यात. नोटीस शिपायाने आपल्या दाराला चिकटवली आहे. रात्री हातात द्यायला तो आला होता, पण आपण घरी नव्हतात, बोलेरो ताईंच्या दारात होती.

कळावे. लोभ आहेच, तो गायरानाच्या पुढे वाढू नये ही विनंती.

आपली कृपाभिलाषी,
वॉर्ड क्रमांक 3 ची सदस्य