दोनच पानं, मास्तर, दोनच!

मास्तर,

तुमचं नाव लिहीत नाही. 2024 च्या गणपतीत, डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जागरणाला सतरंजीवर बसून पत्ते कोण पिसत होतं, हे ज्याला कळायचं त्याला कळेल.

आम्ही रमीवाले. वीस वर्षं लोकलमध्ये गुडघ्यांवर बॅग आडवी टाकून खेळलेले. पोकरमधलं होल्डेम पोरांनी शिकवलं होतं. तुम्ही म्हणालात, "ओमाहा तेच हो, फक्त दोनाऐवजी चार पानं." आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला.

तो डाव मला पान न् पान आठवतो. माझ्या हातात इस्पिकचा एक्का, चौकटचा एक्का, बदामचा गुलाम, किलवरची अठ्ठी. सतरंजीवर इस्पिकचा राजा, नव्वी, चव्वी, दुर्री आणि बदामची सत्ती. चार इस्पिक खाली, एक्का माझ्याकडे: एकाच रंगाची पाच पानं, म्हणजे फ्लश, असं मी धरलं. मी सगळे चिंचोके पुढे सारले. तुम्ही इस्पिकची छक्की आणि पंजी टाकलीत, ढीग ओढलात आणि तेव्हा कुठे नियम सांगितलात: हातातली दोनच पानं घ्यायची आणि खालची तीनच. एक नाही, तीन नाही. माझ्या हातात इस्पिक एकच, म्हणजे फ्लश नव्हताच. होती फक्त एक्क्यांची जोडी.

ओमाहाचा सगळा जीव ज्या नियमात आहे, तो तुम्ही ढीग ओढून झाल्यावर सांगितलात. याला शिकवणं म्हणत नाहीत, मास्तर. याला लुबाडणं म्हणतात, मग ते चिंचोके का असेनात.

चिंचोके गेले, ते मी विसरलोही असतो. पण पोरं ऐकत होती आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "चार पानं आली की डाव सोडायचाच नाही." अहो, खरं ते नेमकं उलट! चार पानांतून दोन-दोनच्या 6 जोड्या होतात, पण त्या समोरच्याकडेही होतात. सहा जण बसले तर 36 जोड्या. म्हणून होल्डेममध्ये जिंकून देणारा छोटा फ्लश इथे हमखास मार खातो. चारही पानं एकमेकांच्या कामाला येणारी हवीत: एक्का, राजा, राणी, गुलाम, त्यात दोन इस्पिक आणि दोन बदाम, असा हात. तीन एक्के आले तर आनंद नाही, अडचण, कारण तिसरा वापरताच येत नाही आणि पुढे यायचा एक्काही आपणच अडवून बसलेलो असतो. बहुतेक हात आल्या पावली टाकून द्यायचे, हा पहिला धडा.

आणि पॉट-लिमिट? ढिगात असेल तेवढंच वाढवता येतं, म्हणून पोरांना ते सुरक्षित वाटलं. ढिगात 10 चिंचोके आहेत. एकानं 10 लावले, दुसरा 40 पर्यंत जाऊ शकतो. पहिल्यानं ते भरले की ढीग 90 चा. एका फेरीत नऊपट! हा हिशोब तुम्हाला तोंडपाठ होता. पोरांना का नाही सांगितलात?

माझ्या भाच्यानं तुमचं ते "डाव सोडायचाच नाही" मोबाइलवरच्या पैशांच्या ओमाहात नेलं. कल्याणला खोलीत बसून, पहिल्या नोकरीच्या पगारातून. सत्तीच्या, अठ्ठीच्या फ्लशवर तो पैसे लावत राहिला आणि दर वेळी कुणाकडे तरी राजा नाहीतर एक्का निघाला. दिवाळीला त्यानं आईला साडी आणली नाही, तेव्हा घरात कळलं.

22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. 27 ला गणपती बसले. त्याच सतरंजीवर तुम्ही पोरांना सांगत होतात, मोबाइल बंद तर बंद, गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जाऊ. तेव्हाच ठरवलं की हे पत्र लिहायचं.

खेळ मला आवडतो, हे मुद्दाम सांगतो. रमीनंतर इतका विचार करायला लावणारा पत्त्यांचा डाव मी पाहिला नाही. म्हणून यंदा जागरणाला पोरांना मी शिकवणार आहे. पहिले दहा डाव सगळ्यांची पानं उघडी आणि प्रत्येकानं हातातली आपली दोन पानं बोट ठेवून दाखवायची. चिंचोके माझ्या बायकोनं धुऊन वाळवून ठेवलेत. तुम्हीही या, सतरंजीवर जागा आहे. पत्ते मात्र भाचा पिसेल.