थांबा : वर्धा

शरदात शिकारी पक्ष्यांचे स्थलांतर पाहायला कुठे जावे, असे विचारले की जाणकार जॉर्जियातल्या बातुमीचे नाव घेतात, मेक्सिकोतल्या वेराक्रूझचे घेतात. वर्ध्याचे कोणी घेत नाही. त्याला कारणही आहे. बातुमीला एका मोसमात दहा लाखांवर शिकारी पक्षी मोजले जातात, वेराक्रूझला ४० ते ६० लाख. वर्धा जिल्ह्यात दिवसभर उन्हात हिंडून वहीत सात पडले, तरी मंडळी खुशीत चहा सांगतात. पर्यटकाचा वर्धा तर ठरलेलाच: सकाळी सेवाग्राम, दुपारी पवनार, वेळ उरला तर बोरचा वाघ, आणि तो दिसला नाही की जेवायला नागपूर. या कार्यक्रमात ‘मान वर करून बसणे’ हे कलम घालावे असे माझे म्हणणे आहे, आणि इथे पक्षी कमी दिसतात हीच त्यासाठी माझी मुख्य शिफारस आहे.

आधी भूगोल. गरुड, बाज, घार ही जड मंडळी होता होईतो पंख मारत नाहीत. तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेत गोल फिरत उंची गाठायची आणि पुढच्या झोतापर्यंत घसरत जायचे, असा त्यांचा काटकसरीचा हिशेब. समुद्रावर असे झोत नीट उठत नाहीत, म्हणून त्यांच्यातले बहुतेक समुद्र टाळतात आणि डोंगर व पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत गोळा होतात. बातुमीला एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला कॉकेशस. पक्षी जाणार कुठे? वर्ध्याला एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला कपाशी. वाटेल त्या तालुक्यावरून जाण्याची मुभा आहे, आणि ऑक्टोबरात अख्खा जिल्हाच तापलेला असल्याने वर चढायला हवाही कुठेही मिळते. गर्दी जमावी कशी? डोंगरावरचा निरीक्षक पक्ष्याकडे समोर बघतो, इथल्याने थेट डोक्यावर बघायचे. दहा वाजल्यानंतर ठिपका आणखी वर जातो, मान मात्र होती तिथेच अडकते. सगळ्यांत नामांकित प्रवासी अमूर ससाणा. हा जेमतेम दीडशे ग्रॅमचा जीव नागालँड-मणिपुरातून निघतो, मध्य भारत ओलांडतो आणि समुद्राची भीडभाड न ठेवता थेट आफ्रिका गाठतो. पण वर्ध्याच्या दृष्टीने ती न थांबणारी गाडी आहे: फलाटावर धूळ उडते, आत कोण होते ते कळत नाही.

थांबणारा प्रवासी म्हणजे भोवत्या, इंग्रजीतला हॅरियर. त्यातले माँटेग्यू आणि पॅलिड हे दोघे मध्य आशियातल्या गवताळ मैदानांवरून सप्टेंबर-ऑक्टोबरात भारतात उतरतात आणि हिवाळाभर राहतात. एवढ्या लांबून येतात, आणि इथल्या जेवणात मोठा वाटा कशाचा, तर नाकतोड्यांचा. भोवत्या रात्र झाडावर नव्हे, जमिनीवर गवतात काढतो. आर्वी, आष्टी, कारंजा या भागात गवळाऊ गाईंमुळे चराईचे गवत अजून टिकून आहे, तेव्हा शोध तिथेच घ्यावा. राखाडी नर गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने जातो. पंख किंचित वर उचललेले, टोके काळी, मान खाली, कधी या कुशीवर कधी त्या. गवतातली खसखसही त्याला ऐकू येते. मध्येच पंख आखडून तो खाली पडतो. उठतो तेव्हा पायात नाकतोडा असतो किंवा काहीच नसते. चेहऱ्यावरचा भाव दोन्ही वेळा तोच. मोजणी सूर्यास्ताच्या सुमारास: उतरलेले अधिक, उठून गेलेले वजा. वाद इथेच सुरू होतो. नर ओळखू येतात, पण माद्या आणि पिल्ले दोन्ही जातींची तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरी. तिघा मोजणाऱ्यांत चार मते पडतात. सभ्य तोडगा म्हणजे ‘माँटेग्यू किंवा पॅलिड’ असे लिहून मोकळे होणे.

आता आक्षेप. पहिला घारीचा: एकच घार घिरट्या घालत चारदा आली, तर वहीत चार घारी होतात. म्हणून एका नजरेत एकदम दिसतील तेवढ्याच लिहायच्या. आकडा लहान होतो, पण खरा राहतो. दुसरा आक्षेप धुऱ्यावरचा. सीतादहीची पूजा करून कपाशीच्या वेचणीला लागलेला शेतकरी दुर्बीणवाल्याला विचारतो, “मोजून काय भेटते?” प्रश्न रास्त आहे. १९८०च्या दशकात भारतात गिधाडे इतकी होती की ती मोजणे रिकामटेकड्याचा उद्योग वाटावा. भरतपूरला पक्षितज्ज्ञ विभू प्रकाश यांनी तो केला, म्हणूनच पुढच्या दशकात ती किती झपाट्याने घटली हे दाखवता आले. कारण मेलेल्या जनावरांतून पोटात जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध निघाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. अर्जेंटिनात १९९५-९६च्या मोसमात स्वेन्सन्स हॉक हे उत्तर अमेरिकेतून आलेले बाज फवारलेल्या शेतात नाकतोडे खाऊन हजारोंनी मेले. कीटकनाशकाचे नाव मोनोक्रोटोफॉस; ते वऱ्हाडाच्या या शेजारी जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आपला भोवत्याही नाकतोडेच खातो. तेव्हा मोजून भेटते ते एवढेच, की आपल्या शेतात काहीतरी बिनसल्याची खबर वेळेवर लागते.

तिसरा आक्षेप आधुनिक: उपग्रह आहे, मग माणूस कशाला? उपग्रह एक पक्षी कुठे गेला ते सांगतो. किती आले आणि किती आलेच नाहीत, ते सांगत नाही. उरला प्रश्न लहान आकड्याचा. एका संध्याकाळी विसाचे बारा झाले, तर तो योगायोगही असेल. म्हणूनच दरवर्षी त्याच जागी, त्याच तारखांना बसायचे आणि शून्य आले तर शून्यही लिहायचे. तारखा तयारच आहेत: मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर हे जन्मदिवस जोडून राज्यात पक्षी सप्ताह होतो. माणसेही आहेत. वर्धेकरांनी नगरपक्षी ठरवायला रीतसर निवडणूक घेतली आणि नीलपंखाला निवडून दिले. पक्ष्यासाठी मते मोजणाऱ्या गावाला पक्षी मोजणे जड जाऊ नये. फरक इतकाच, की इथे मत उडून जाते आणि फेरमोजणीला वर्षभर थांबावे लागते.