माणशी अडीच पोळ्या

चोवीस माणसं, सोळा भाज्या, प्रत्येक भाजी माणशी शंभर ग्रॅम; एकूण अडतीस किलो चारशे ग्रॅम. गौरीजेवणाच्या आठवडाभर आधी हा आकडा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि वाईपासून बोरिवलीपर्यंत सगळ्यांना खात्री पटली, की यंदाचं जेवण खरोखरच कोथरूडला, माणशीकाकांकडे आहे.

हे काका तुमच्याकडेही असणारच. निवृत्त, खिशाला पेन, चष्मा कपाळावर. लग्नाच्या पंगतीत बसले, की दुसऱ्यांदा आइस्क्रीम उचलणाऱ्या पोराकडे ते केटररच्या नजरेने बघतात. सहलीला पाण्याची बाटली माणशी एक, मिसळीला पाव माणशी दोन, घाटात गाडी लागली तर पिशवी माणशी एक. कोणाच्या मयताला गेले तरी परतताना कोणत्या गाडीत माणशी किती जागा उरली, ते त्यांनाच ठाऊक असतं.

भाजीच्या आकड्यावर वाईहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, सोळा मिळून एक भाजी असते. चार भेंड्या, मूठभर गवार, एखादं पडवळ..."

"मूठभर म्हणजे किती ग्रॅम?"

"माझी मूठ."

काकांनी तक्त्यात 'वहिनींची मूठ' अशी ओळ घातली आणि पुढचा रकाना मोकळा सोडला.

वर्षानुवर्षं गौरी वाईच्या घरात बसायच्या. थोरले भाऊ गेले, वर्ष उलटलं आणि पितळी मुखवटे पुण्याला आले. वहिनींच्या हातून आता पूजा कशी करायची, असं तोंडाने कोणी म्हणालं नाही. "तिचे गुडघे दुखतात, आता पुण्यालाच करू," असं सगळे म्हणाले. मुखवट्यांबरोबर वहिनीही दोन दिवस आधी आल्या. त्या गुडघ्यांनी तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर चालत होतं, याचं कोणाला काही वाटलं नाही.

2025 साली गौरीपूजन 1 सप्टेंबरला, सोमवारी आलं. गौरींना शनिवार-रविवार कळत नाही. त्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. काकांनी ग्रुपवर कळवलं: रजा माणशी एक.

तयारीत त्यांनी कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'सुद्धा सोडलं नाही. 1970 पासून घराघरांत वापरून पिवळं पडलेलं हे पुस्तक, आणि त्यातली मापं वाटी-चमच्याची. काका दोन दिवस घरातल्या वाट्यांत पाणी ओतून मिलिलिटर मोजत बसले. सात वाट्या, सात मापं. शेवटी काकूंनी त्यातली एक उचलून डाळीच्या डब्यात टाकली, तेव्हा वाटीचा प्रश्न मिटला. पुरणात डाळीइतकाच गूळ, हे एकच प्रमाण त्यांनी वाद न घालता मान्य केलं.

पोळ्या मात्र माणशी अडीच. अडीचच का? दोन कमी दिसतात आणि तीन कोणी संपवत नाही, म्हणून. म्हणजे साठ पोळ्या. त्या लाटायला काकू आणि वहिनी पहाटे चारला उठल्या. 'लाटणारे, माणशी किती' असा रकाना तक्त्यात नव्हता.

सकाळी काका प्रत्यक्ष मदतीला आले. तक्त्यात 'डाळ शिजवून पाणी काढणे' असं लिहिलं होतं, त्याप्रमाणे त्यांनी चाळणी सिंकवर धरली आणि पातेलं तिरकं केलं. वहिनींनी खाली दुसरं पातेलं सरकवलं. बोलल्या काही नाहीत. तो कट मोरीत गेला असता, तर माणशी दीडशे मिलिलिटर कटाची आमटी नुसती कागदावर उरली असती.

पंगतीसाठी केळीच्या पानाचा छापील नकाशा तयार होता. शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटी. नकाशात चूक काढायला जागा नव्हती. फक्त वाढणारी पोरं पानासमोर उभी होती, आणि त्यांची डावी बाजू ती जेवणाऱ्याची उजवी, हे नकाशाला माहीत नव्हतं. पहिल्या चार पानांवर चटणी भाजीच्या जागी जाऊन बसली. "अरे, नकाशा उलटा धरा!" काका ओरडले. एका पुतण्याने तत्परतेने कागद पालथा केला. मागे वाण्याची यादी होती.

तरीही जेवण झकास झालं. ग्रुपवर फोटो गेले आणि अंगठे आणि टाळ्यांचा पाऊस पडला. "काका, काय मॅनेजमेंट!" "काकांनी एकट्याने केवढं केलं!" वहिनींनी वाईला इतकी वर्षं याहून मोठ्या पंगती उठवल्या, त्यांना मॅनेजमेंट कोणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या वाट्याला फार तर 'आमटीत मीठ जरा बेताचं पडलंय' एवढं यायचं.

तो तक्ता मात्र पुढे कोणाच्या तरी हातात पडला, आणि त्यात माणशीपलीकडचंही बरंच निघालं. 'आत्या: कवळी नवी, पोळी दुधात.' 'बोरिवलीचे मेहुणे: साखर आहे, अर्धीच, मागतील, देऊ नये.' 'धाकटी भाची: आमटी तिखट घालण्याआधी वेगळी काढणे.' इतक्या पंगतींत बसून हा माणूस नुसत्या पोळ्या मोजत नव्हता, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं.

त्यातच एक ओळ होती: 'सवाष्ण: 1. वहिनी.'

या ओळीवरून पहिल्या पंगतीआधी खडाजंगी झाली होती. आत्या म्हणाल्या, "अरे, तुला काही कळतं का? ती सवाष्ण कशी?" काकांनी फाइल काढली. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्या परिपत्रकाची प्रत फाइलीत पंचिंग करून लावलेली होती. माणशी एक नव्हे, सगळ्यांत मिळून एक.

"हे वाईच्या घरात चाललं नसतं," आत्या म्हणाल्या.

"म्हणून तर कोथरूडला घेतलं," काका म्हणाले, आणि त्यांनी पहिल्या पाटाशी रांगोळी काढायला पुतणीला बसवलं. रेषा वाकडी आली, तरी त्या दिवशी प्रथमच त्यांनी मोजपट्टी मागितली नाही.

वहिनी बसल्या खऱ्या, पण टिकेनात. तूप कोणाला मिळालं नाही, भात कुठे अडला, म्हणून तीनदा उठल्या. आजवर शेवटच्या पंगतीत खरवडलेल्या भाजीवर जेवलेल्या बाईला पहिल्या पानावर बसायचं कसं, ते येईना. चौथ्यांदा उठू लागल्या तेव्हा काका पानासमोर येऊन उभे राहिले, पेन हातात. "वहिनी, बसा. तुमची अजून दीड बाकी आहे. माझा हिशेब लागत नाही."

वहिनी हसल्या आणि बसल्या. दीड नाही, दोन खाल्ल्या.

आत्यांनी निषेध म्हणून आमटीला हात लावला नाही आणि आज भूकच नाही, असं दोनदा जाहीर केलं. जाताना मात्र दारातून वळून पिशवीतला डबा काढला. "घाल पाच-सहा. उद्या सकाळी दुधात होतील."

काकूंनी पोळ्यांच्या टोपलीकडे हात नेला. काकांनी तक्ता पुढे केला. आत्यांच्या ओळीत, दुधानंतर, बारीक अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: 'डबा, सहा. रुसली तर आठ.'